राजवाडा, महाल, प्रासाद, पॅलेस: लक्ष्मीविलासला काय म्हणावं?

मांडवीकर (वडोदरा)

बडोद्याला येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी आमच्या मंडळातर्फे एक छोटी पुस्तिका निघते आहे. मजकुराचं काम माझ्याकडे आहे आणि मी पहिल्याच वाक्याला अडले आहे. 'लक्ष्मीविलास हा सयाजीराव महाराजांचा...' पुढे काय? राजवाडा लिहिलं, खोडलं. राजमहाल लिहिलं, कारण समोरचा रस्ताच राजमहाल रोड. मंडळातले एक काका म्हणाले, प्रासाद लिही, शब्दाला वजन आहे. आणि रिक्षावाल्याला सांगायचं तर 'पॅलेस'.

हे चार शब्द एकमेकांच्या जागी सहज चालतात असं मला वाटत नाही. माझी आजी लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आली. कोटाच्या आतल्या गायकवाडांच्या जुन्या घराला ती सरकारवाडा म्हणायची. लक्ष्मीविलासला तिने जन्मात कधी वाडा म्हटलं नाही. लहानपणी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "वाड्याचं अंगण पोटात असतं. ह्याचं बाहेर पसरलंय." रावपुऱ्याजवळचा दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा पाहताना मला तिचं बोलणं दर वेळी आठवतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला लाकडी कोरीवकाम तेवढं दिसतं; भिंतीच्या भिंती भरून काढलेली चित्रं आत गेल्याशिवाय दिसत नाहीत. लक्ष्मीविलासचा मनोरा मात्र झाडांवरून लांबूनच बोलावतो.

तुमच्या गावात काय म्हणतात, आणि का, ते सांगा.

बाड्यावरचा (ग्वाल्हेर)

ताई, आमच्याकडे वाड्याचा उच्चारच पालटला. लष्कर भागातल्या मुख्य चौकाला सगळं ग्वाल्हेर 'महाराज बाडा' म्हणतं. वडाचा बड झाला, वनाचं बन झालं, तसा वाड्याचा बाडा. पण हिंदीत बाडा म्हणजे गुरं कोंडायची जागा, त्यामुळे बाहेरून आलेला माणूस विचारतो, इथे महाराजांचा गोठा होता का? लहानपणी मला ह्या प्रश्नाचा फार राग यायचा. आता येत नाही, कारण तो माणूस अगदीच चुकीचं विचारत नाही. ह्याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं.

मला खरं तर वेगळा शब्द पुढे करायचा आहे: मंदिर. किल्ल्यावरचं मानमंदिर हा राजा मानसिंह तोमर (१४८६ ते १५१६) ह्याचा राहता राजवाडा. बाहेरच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या चिनी फरशांची बदकं आणि हत्ती. मराठी पाहुणे नाव ऐकून चपला कुठे काढायच्या ते विचारतात, आणि आत मूर्ती नाही म्हटल्यावर हिरमुसतात. संस्कृतात मंदिर म्हणजे मुळात राहण्याची जागा, घर. साताऱ्याच्या छत्रपतींचं निवासस्थान 'जलमंदिर' आहे ते ह्याच अर्थाने. तुमच्या बडोद्यात तर न्यायमंदिर आहे आणि गायकवाड घराण्याच्या स्मृतीचं कीर्तिमंदिरही आहे.

शिंद्यांच्या जयविलासला आम्ही 'महल' म्हणतो. १८७४ साली जयाजीरावांनी मायकेल फिलोज ह्यांच्याकडून बांधून घेतला, आणि थोड्याच दिवसांत इंग्लंडचे युवराज तिथे पाहुणे म्हणून आले. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल की नाही हे बघायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट गावात प्रत्येक आजोबा सांगतात. वाड्यात असलं झुंबर टांगताच येणार नाही. आजींचं अंगणाचं बोलणं मला म्हणूनच पटलं: ज्या घरात पाहुण्याला थक्क करायचं असतं ते घर वेगळं.

करवीरकर (कोल्हापूर)

आजींच्या व्याख्येला एक अडचण आहे. लक्ष्मीविलासचा पहिला आराखडा मेजर चार्ल्स मँट ह्यांचा. १८७८ मध्ये काम सुरू झालं, १८८१ मध्ये मँट वारले, आणि रॉबर्ट चिझम ह्यांनी ते १८९० मध्ये पुरं केलं. ह्याच मँटसाहेबांनी आमच्या कोल्हापुरातली, १८८४ मध्ये पुरी झालेली इमारत आखली. तिच्याभोवतीही मोकळी जागा आहे, मनोरा आहे, घड्याळ आहे. तरी तिला आम्ही 'नवा राजवाडा' म्हणतो! कारण भवानी मंडपाशी 'जुना राजवाडा' होता. माणूस एक, धाटणी एक, आणि एका गावात राजवाडा तर दुसऱ्या गावात पॅलेस. तेव्हा शब्द इमारतीच्या आकारावरून ठरत नाही, आधीच्या शब्दावरून ठरतो.

शिवाय लक्ष्मीविलासच्या आतही चौक आहेत, कारंजी आहेत. मी पाहिलेत.

मांडवीकर (वडोदरा)

चौकांचं खरं आहे दादा, आजीने आतून तो कधी पाहिलाच नव्हता. आणि जुन्या-नव्याचा मुद्दा मान्य. बडोद्यात गुजराती शेजार असल्याने गादी बदलली तसा शब्दही बदलला असावा, कारण गुजरातीत 'वाडो' म्हणजे परसदार. आजी नव्याने आली तेव्हा शेजारीण म्हणाली, "अमारा वाडामां लीमडो छे," आणि आजी बिचारी एवढासा वाडा कुठे दडलाय ते शोधत राहिली. अशा गावात राजाच्या घराला वाडा म्हणणं अवघडच.

महालाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण पुस्तिकेत एक चूक होता होता राहिली. पाहुण्यांना चांपानेर-पावागडला नेतो, तो पंचमहाल जिल्हा. आमच्या एका सहकाऱ्याने मजकुरात लिहिलं होतं, 'पाच महालांवरून हे नाव पडले'. असे पाच राजमहाल शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. गोधरा, दाहोद, हालोल, कालोल, झालोद हे ते पाच महाल, म्हणजे वसुलीचे पाच तालुके. शिंद्यांचा हा मुलूख १८६१ मध्ये इंग्रजांकडे गेला. फत्तेपूर सिक्रीचा पंचमहल ही खरोखरची पाच मजली इमारत. नाव तेच, अर्थ निराळा.

अरबीतला मूळ शब्द 'महल्ल' म्हणजे उतरण्याची, मुक्कामाची जागा. त्यातूनच मोहल्ला आला. जागा म्हणून महाल, म्हणून मुलखाचा तुकडा महाल, म्हणून खात्यालाही महाल. शिवकाळातले 'अठरा कारखाने, बारा महाल' आठवा. त्यात कोठी, पागा, टांकसाळ येतात, झुंबरं येत नाहीत. नागपूरकरांचा 'महाल' ही अख्खी वस्ती आहे. तंजावरचा सरस्वती महाल हा ग्रंथांचा. एवढा लवचीक शब्द राजाच्या घराला लावायचा तर पुढे 'राज' जोडावाच लागतो, म्हणून आमचा राजमहाल.

काकांच्या प्रासादाला माझी हरकत दुसरी आहे. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत प्रासाद म्हणजे बहुतेक ठिकाणी देऊळ. तोच शब्द समुद्रापलीकडे गेला आणि ख्मेर भाषेत 'प्रासात' झाला, अंगकोरच्या मंदिरांच्या नावांत आजही तो आहे. मंदिर घराकडून देवाकडे गेलं, प्रासाद देव आणि राजा दोघांच्याही घराला चालत आला. वाचायला सुंदर, पण बडोद्यात 'प्रासादाकडे वळा' असं म्हणणारा मी पाहिला नाही.

ओसरी (पुणे)

ग्वाल्हेरच्या दादांनी गोठ्याचा प्रश्न सोडून दिला, तो उचलते. वाडा आला संस्कृत 'वाट' शब्दापासून. रस्ता ह्या अर्थाची आपली वाट वेगळी, ती 'वर्त्मन्'ची. हा 'वाट' म्हणजे कुंपण, आणि कुंपणाने वेढलेली जागा. वाडी तीच, गुजराती वाड म्हणजे काटेरी कुंपण तेच, मेंढवाडा तोच, गुरांचा वाडा तोच. भिंती मागून उंच झाल्या, आधी कुंपण होतं. तेव्हा महाराजांचा बाडा आणि गुरांचा बाडा ही सख्खी भावंडं.

आणि हे आपल्यापुरतं नाही. लॅटिनमध्ये 'कोहोर्स' म्हणजे कुंपण घातलेलं आवार, कोंबड्या-गुरांचं अंगण. त्यातून फ्रेंचांचा 'कूर' झाला, इंग्रजांचा 'कोर्ट' झाला: आधी अंगण, मग राजाची मंडळी, मग न्यायालय. आपण मराठीत 'कोर्टाची पायरी' म्हणतो तेव्हा अजाणता वाड्याचीच पायरी म्हणतो.

पॅलेसचं मूळ मात्र टेकडीत आहे. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर ऑगस्टस राहिला, पुढचे सम्राटही तिथेच राहिले, आणि टेकडीचं नाव घराला चिकटलं. म्हणून मला 'पॅलेस' हा शब्द सगळ्यांत कोरडा वाटतो. त्यात एका गावचा पत्ता आहे, बाकी काही नाही.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत जाताना लक्ष देऊन पाहा. हत्ती जाईल एवढं दार, त्यावर खिळे, आणि त्या दारात एक लहान दिंडी दरवाजा. रोजची ये-जा दिंडीतून. मान लववल्याशिवाय आत पाऊल पडत नाही, मुजरा दारातच होतो. वर नगारखाना. १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, दार आणि तट राहिले, आणि तरी तो वाडा राहिला.

सातारी

ओसरीताईंचं कुंपण पुढे नेऊ द्या. आमच्या भागातल्या कित्येक गावांत 'राजवाडा' म्हटलं की गावाबाहेरची दलित वस्ती. आधी महारवाडा म्हणत, मग मानाने राजवाडा म्हणू लागले. माझा जन्म अशाच राजवाड्यातला. शहरात आल्यावर 'तुम्ही राजवाड्यात राहायचात?' असं कौतुकाने विचारतात तेव्हा मी पूर्ण उत्तर देतो. कुंपण कोणी कोणाभोवती घातलं, ह्यावर एकाच शब्दाची दोन टोकं ठरतात. २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. शब्दचर्चेत हा अर्थ सुटू नये एवढ्यासाठी लिहिलं.

ओसरी (पुणे)

सुटायलाच नको. माझ्याकडून सुटला होता, दादा. आभार.

बाड्यावरचा (ग्वाल्हेर)

दाराचा विषय निघालाच आहे तर 'दरबार' घ्या. फारसीत दर म्हणजे दार आणि बार म्हणजे आत येण्याची मुभा, भेट. दरबार म्हणजे खोली नव्हे, आत घेतलं जाणं. इंग्रजांनी हा शब्द उचलून दिल्लीत १८७७, १९०३ आणि १९११ ला दरबार भरवले ते मोकळ्या मैदानात, मांडवांत. आणि १९११ साली सयाजीरावांनी बादशहापुढे एकदाच लवून, पाठ फिरवून परत येणं किती गाजलं! शब्दात दार आहे, तेव्हा कसं आत जायचं आणि कसं बाहेर यायचं ह्यालाच तिथे किंमत.

इस्तंबूलच्या 'तोपकापी'त तर दोन्ही आहेत: तोप म्हणजे आपली तोफ, कापी म्हणजे दार. आत एकामागून एक चार चौक, आणि दुसऱ्या दारातून घोड्यावर बसून जायचा हक्क एकट्या सुलतानाला. त्या वास्तूला तुर्कीत म्हणतात 'सराय'. आपल्याकडे तीच सराई झाली, वाटसरूंची. तिथे राजाचं घर, इथे कोणीही पथारी टाकावी.

मांडवीकर (वडोदरा)

आणि दारातून शब्द माणसावर जातो! तुर्की सरकारला युरोपात 'उंच दरवाजा' म्हणत. जपानी 'मिकाडो' म्हणजे मानाचं दार. मिसरी राजांचं 'फारो' हे नाव 'पेर-आ', म्हणजे थोरलं घर. आपण 'वाड्यावरून निरोप आलाय' म्हणतो तेव्हा तो भिंतींचा निरोप नसतो. इथे गुजरातीत तर 'दरबार' म्हणजे गिरासदार, जमीनदार माणूस. 'आवो दरबार' असं हाक मारून खुर्ची पुढे करतात.

खजुरीबाजार (इंदूर)

उशिरा आलो. आमचा राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला. पण इंदुरात 'राजवाड्यावर भेटू' म्हणजे दारासमोर. भारत सामना जिंकला की रात्री बारालाही सगळं शहर तिथेच, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूकही तिथेच. होळकरांच्याच लालबाग महालाला कोणी राजवाडा म्हणत नाही, आणि यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतलेल्या माणिकबागेला तर पॅलेससुद्धा क्वचित. नुसतं माणिकबाग.

मांडवीकर (वडोदरा)

तुम्हा सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं आहे: 'लक्ष्मीविलास हा सयाजीराव महाराजांचा राजमहाल, गावात त्याला पॅलेस म्हणतात. त्याआधीचं घर म्हणजे कोटातला सरकारवाडा.' पंचमहालाची चौकट वेगळी दिली आहे.

आता एकच अडलंय. आतल्या 'गादी हॉल'चं काकांनी 'सिंहासनकक्ष' केलं आहे. मी ते परत गादी करणार आहे. गायकवाड हे छत्रपतींचे सेनाखासखेल, म्हणजे किताबाचे सरदार. सिंहासन साताऱ्याचं, सरदारांची गादी. १८७५ साली कवळाणे गावाहून आणलेला मुलगा, म्हणजे सयाजीराव, बडोद्याच्या गादीवर बसला, असंच आजी सांगायची, आणि ती साताऱ्याची होती. काकांना हे कोणत्या शब्दांत सांगू, तेवढं सुचवा.