रोलच्या जमान्यातली लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावलीय का कुणी?

परवा माळा आवरताना बाबांचा झेनिट कॅमेरा सापडला. कातडी केसचा भुगा, शटर अडकलेलं, पण पुढची लेन्स, हेलिओस ४४-२ (५८ मिमी), ठणठणीत. लहानपणी याला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा, कारण रोलमध्ये फोटो ३६च.

एम४२चा (म्हणजे या जुन्या लेन्सच्या आट्यांचा) अडॅप्टर मागवला, लेन्स माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली, आणि कॅमेरा ढिम्म. अर्ध्या तासानं कळलं, मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं. लेन्समध्ये वायरच नाही, त्या बिचाऱ्याला वाटतं पुढे नुसतं भोक आहे.

पहिला फोटो आईचा, गॅलरीत. फोकस हातानं. एफ/२ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, मागची कढीपत्त्याची पानं गोल गरगरली. आई म्हणाली, "चक्कर आल्यासारखं दिसतंय, पण मी बरी आलेय."

तुमचेही असले उद्योग लिहा.

रत्नांग्री: आमच्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं. १५ पावसाळे कातडी केसमध्ये, दुसरं काय होणार! काचेवरचा लेपच खाल्लाय. उजेडाकडे धरली की सगळं धुकट. केसमध्ये ठेवू नका हो कुणी, घट्ट डबा आणि सिलिका जेल.

एकचमिलिमीटर: निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांनो, एम४२च्या नादी लागू नका. लेन्सला सेन्सर हवा ४५.४६ मिमीवर, आपल्याकडे तो ४६.५वर. लांबचं काही फोकसच होत नाही. मी आता फक्त जास्वंदी काढतो.

कुकरलावलाय: घाईत लिहितेय. सासऱ्यांची ताकुमार ५० एफ/१.४ लेन्स, काच चहासारखी पिवळी. थोरियम असतं त्या काचेत, त्यानं होतं. गच्चीवर पापडांशेजारी उन्हात ठेवली, मागची टोपी लावून, नाहीतर भिंगानं चादर पेटायची. बरीच उतरली. पापडही छान झाले

भुकेला: उडदाचे की पोह्याचे?

मागेसरका: छोट्या सेन्सरवर ५८ मिमीची लेन्स ८७सारखी होते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं. आमच्या हॉलमध्ये माणूस मावेना, सरकत सरकत ओट्याला टेकलो. त्यात नातू २ वर्षांचा, फोकस होईस्तोवर सोफ्याखाली. १०० फोटोंत ३ बरे. पण ते ३ फ्रेम केलेत

शोकेस: आमचा कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५. लेन्स निघतच नाही 😭

रत्नांग्री: धागाकर्ते, झेनिटमध्ये रोल होता का आत?

धागाकर्ता: होता. काउंटर २३वर. मी झाकण उघडून बसलो ना.

रत्नांग्री: अर्र!

मागेसरका: टाकू नको रे! वरचे वेढे गेले असतील, गुंडाळीतले आतले वाचतात बऱ्याचदा. म्हणजे सुरुवातीचे फोटो. अंधाऱ्या खोलीत डबीत घाल, लॅबला दे.

धागाकर्ता: बाथरूमची खिडकी बंद करून आत्ताच घातला. आई बाहेरून विचारतेय बरं वाटत नाहीये का.

कुकरलावलाय: @भुकेला पोह्याचे. ४ शिट्ट्या झाल्या, पळते