मदत हवी आहे: तांब्यामुळे बुरशीचे बीजाणू थांबले, पण पानं कुजतायत

ओढ्यात दोन आठवडे जाळीच्या पिशवीत ठेवलेल्या पानांच्या चकत्या फ्लास्कमध्ये घेऊन त्यांवरच्या पाणबुरशीवर (पाण्यात पडलेली पानं कुजवणारी बुरशी) तांब्याचा परिणाम बघते आहे. कॉपर सल्फेट वापरलं, सतत हवा सोडली. बीजाणू गाळून ट्रायपॅन ब्लूने रंगवून मोजले. कंट्रोलमध्ये (तांबं न घातलेल्या फ्लास्कमध्ये) चार हातांचे ताऱ्यासारखे बीजाणू भरपूर, तांब्याच्या फ्लास्कमध्ये शोधूनही एखाददुसराच. चकत्यांचं वजन मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच घटलं!

बीजाणू तयार होणं हे कुजण्यापेक्षा धातूला जास्त संवेदनशील असतं, हे माहीत आहे. पण एवढी तफावत बघून शंका येते, की बुरशी दबली आणि काम जिवाणूंनी उचललं.

पाणी दर दोन दिवसांनी बदलते, सामू ७ ठेवते. पानं तांबं शोषून घेतात, म्हणून पाण्यातलं प्रमाण ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शनवर (धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र) तपासते. माध्यमात फॉस्फेट आणि ईडीटीए मुद्दाम टाळलेत, कारण दोन्ही तांब्याला बांधून ठेवतात. अँटिबायोटिक घालून पाहिलं, पण त्याचा बुरशीवरही परिणाम होईल अशी भीती वाटते.

एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशींत असणारं, पण जिवाणूंत नसणारं द्रव्य) मोजायला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) उपलब्ध नाही. त्याशिवाय पानातली जिवंत बुरशी किती उरली, हे जिवाणूंपासून वेगळं कसं मोजायचं?