मदत हवी आहे: कॉकटेलला (कॉकाटील, पोपटाच्या जातीचा छोटा पाळीव पक्षी) सीताफळ चालतं का?

आमच्याकडे कॉकटेलची जोडी आहे, दीड वर्षाची. डाळिंब दिलं की नर जाळीभर लाल शिंतोडे उडवतो, मादीला मात्र फक्त मक्याचं कणीस लागतं (नखरे!). सफरचंद बिया काढूनच देते, त्यात सायनाइडवालं द्रव्य असतं म्हणून, आणि अवोकाडो तर घरातच आणत नाही. काल सासूबाईंनी प्रेमाने सीताफळाची फोड ठेवली, त्याच्या बिया विषारी म्हणून मी धावत जाऊन उचलली पण तोवर नराने गर खाल्लाच होता, बिया अख्ख्या दिसल्या. आज शी जरा पातळ आहे, बाकी शिट्ट्या चालू आहेत. फळातल्या पाण्यामुळे असेल का? नुसता गर दिलेला चालतो का? पक्ष्यांचा डॉक्टर इथे नाही, नाशिकला न्यावं लागेल, थांबू की लगेच निघू?