तारखेला सोबत कोण? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात एका जिल्हा न्यायालयाच्या आवारात मी नऊ वर्षांच्या एका मुलीबरोबर चार तास बसून होते. तिच्या साक्षीची तारीख होती. समन्समध्ये साडेदहाची वेळ होती, पुकारा झाला तेव्हा पावणेतीन वाजले होते. तेवढ्या वेळात तिनं मला तीनदा विचारलं, "तू आत पण येणार ना?"

मी पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांमध्ये सहाय्यक व्यक्ती म्हणून काम करते. गुन्हा नोंदला की पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं बघणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीला, कळवायचं असतं. मग समिती त्या मुलासाठी एक माणूस नेमू शकते, जो तपासापासून निकालापर्यंत सोबत राहतो. जबाबाला जातो, दवाखान्यात जातो, तारखेला येतो, खटला कुठवर आला ते घरच्यांना सांगतो. २०२० च्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही सोय सरकारच्या मर्जीवर नाही. समितीनं सबळ कारण लेखी दिलं नसेल तर असा माणूस नेमलाच पाहिजे. तरीही मला भेटलेल्या बहुतेक कुटुंबांना असं कुणी मिळू शकतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून हा धागा. छळ झालेल्या, टाकून दिलेल्या, दुर्लक्षित मुलांच्या बाजूनं तुम्ही कधी कोर्टात किंवा समितीसमोर उभे राहिला असाल तर लिहा. वकील असा, शिक्षक असा, नातेवाईक असा. मुलाचं नाव, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही लिहू नका, कायद्यानंच ते बंद आहे. स्वतःचंही नाव नको. काम आणि प्रदेश एवढं पुरे.

विशेष सरकारी वकील, विदर्भ

सुरुवात माझ्या चुकीनं करतो. माझ्या पहिल्या पॉक्सो खटल्यात मी मुलाला पहिल्यांदा भेटलो ते साक्षीच्या दिवशी सकाळी, कोर्टाच्या व्हरांड्यात. हातात फायलींचा गठ्ठा, दहा मिनिटं वेळ. मुलगा आत गेला, एवढी सगळी अनोळखी माणसं पाहिली आणि गप्प झाला. अर्धा तास कुणालाच काही बोलला नाही. आरोपी सुटला. कागदोपत्री पुरावा कमी पडला असं म्हणता येईल, पण मी तसं म्हणत नाही.

आता मी मुलांना साक्षीआधी किमान दोनदा भेटतो. एकदा, कोर्ट उठल्यावर, रिकामी खोली दाखवतो. न्यायाधीश कुठं बसतात, पडदा कुठं लागेल, आई कुठं बसेल. मुलाला आरोपी दिसणार नाही अशी व्यवस्था करणं ही कलम ३६ प्रमाणे न्यायालयाची जबाबदारी आहे, आणि आरोपीला मात्र साक्ष ऐकता आली पाहिजे. हे मुलाला नीट सांगावं लागतं. "तो ऐकेल, पण तुला दिसणार नाही." लपवलं आणि मग पडद्यामागून खोकला ऐकू आला तर संपलंच.

दुसरं, उलटतपासाबद्दल. कलम ३३ म्हणतं की प्रश्न वकिलानं न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे. सगळीकडे हे पाळलं जात नाही. मी दर वेळी उठून आठवण करून देतो. एका खटल्यात बचावाच्या वकिलांचा प्रश्न होता, "घटनेच्या वेळी तू प्रतिकार का केला नाहीस?" न्यायाधीश मॅडमनी तो असा विचारला, "तेव्हा तू काय केलंस, बाळा?" मुलगी म्हणाली, "मी डोळे मिटले." संपूर्ण खटल्यात त्याहून मोठा पुरावा नव्हता.

त्याच मुलीला तारीख सांगता येईना. उलटतपासात याच मुद्द्यावर जोर होता. ती म्हणाली, "बैलांना रंगवलं होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी." आम्ही कॅलेंडर काढलं. पोळ्याचा दुसरा दिवस आणि फिर्यादीतली तारीख एकच होती.

एका मुलीची मावशी, मराठवाडा

माझ्या बहिणीच्या लेकीचं प्रकरण चालू आहे. बहीण आता नाही, पोरगी माझ्यापाशी आहे. आतापर्यंत आठ तारखा झाल्या. त्यात दोनदा साहेब रजेवर, एकदा वकील आले नाहीत, एकदा आरोपीला जेलमधून आणलंच नाही. आमच्या गावातून सकाळी सहाची एसटी धरावी लागते, एक गाडी बदलावी लागते. दोघींचं तिकीट, दिवसभराचा चहा-नाश्ता, माझी रोजची मजुरी बुडते ती वेगळीच. पोरीची शाळा बुडते. शाळेत काय सांगायचं हा रोजचा घोर. मी सांगते, दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. बाई मला म्हणाल्या, किती दिवस चालले दात?

आमच्यासोबत कुणीच नसतं. पोलीस ताई चांगल्या होत्या, साध्या कपड्यांत घरी आल्या जबाब घ्यायला, पण त्यांची बदली झाली. आता जो येतो तो पहिल्यापासून विचारतो. हे सहाय्यक माणसाचं मला आज इथं वाचून कळलं. कुठं जायचं, कुणाला विचारायचं?

धागाकर्ती

मावशी, तुमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्या. खटला क्रमांक, पोलीस ठाणं, मुलीचं वय आणि "सहाय्यक व्यक्ती नेमावी ही विनंती". खटला सुरू झाला असला तरी चालतं. त्याच अर्जात तातडीच्या मदतीचंही लिहा. अन्न, कपडे, प्रवास अशा गरजांसाठी समिती पैशांची शिफारस करू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ते द्यायचे असतात. नुकसानभरपाईला निकालाची वाट पाहावी लागत नाही, अंतरिम रक्कम विशेष न्यायालयाकडे मागता येते. मनोधैर्य योजनेसाठी, म्हणजे अत्याचारग्रस्तांना राज्य सरकार देतं त्या मदतीसाठी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. आणि मुलीला कोर्टात पुन्हा पुन्हा बोलावू नये असं कायदाच म्हणतो. ज्या तारखेला तिची साक्ष नाही, त्या तारखेला तिला नेण्याची गरज नाही. सरकारी वकिलांना आदल्या दिवशी विचारून घ्या.

सामाजिक कार्यकर्ती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मराठवाडा

पॉक्सोबद्दल बरंच बोललं जातं. मला दुर्लक्षाच्या प्रकरणांबद्दल लिहायचं आहे, कारण तिथं मुलाचं पुढचं सगळं आयुष्य एका कागदावर ठरतं आणि तो कागद आम्ही लिहितो. सामाजिक तपासणी अहवाल. समिती पंधरा दिवसांत मागते, बाकी कामं सांभाळून तो त्या मुदतीत लिहायचा असतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. १०९८ वर, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनवर, फोन आला, तीन भावंडं एकटी राहतात. मोठी अकरा वर्षांची, स्वयंपाक करते, शाळा सोडलेली. आजी होती, पण अंथरुणाला खिळलेली. आईबाप ऊसतोडीला गेलेले. मुलांना २४ तासांत समितीसमोर हजर केलं. शेजाऱ्यांच्या जबाबात एकच वाक्य होतं, "आईवडिलांचे मुलांकडे लक्ष नाही." तेवढ्यावर मुलं बालगृहात गेली असती, दोन मुली एका जिल्ह्यात आणि भाऊ दुसऱ्या.

मी कारखान्यावर गेले. टोळी कुठल्या फडात आहे ते शोधायला दीड दिवस लागला. आई मला बघून कोयता टाकून पळत आली, तिला वाटलं पोरं गेली. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. ती फिटल्याशिवाय एकानंही निघायचं नाव काढलं असतं तर पुढच्या वर्षी कुणी टोळीत घेतलं नसतं. तिनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. त्यावर शेजाऱ्याच्या फोनचा नंबर होता, दर रविवारी ती कुणाच्या तरी मोबाईलवरून मुलांशी बोलायची. हे मी अहवालात लिहिलं. चिठ्ठीसुद्धा लिहिली. मुलांची आत्या पुढे आली, तिच्या घरी दोनदा जाऊन पाहिलं. समितीनं मुलं तिच्याकडे ठेवली, बालसंगोपन योजनेत घातली. दर मुलामागे महिना २,२५० रुपये. पैसे वेळेवर येत नाहीत, आले की एकदम येतात. तरी तिघं एकत्र आहेत. संस्था हा शेवटचा उपाय असं कायद्यात लिहिलंय, पण ते खरं करायला कुणीतरी फडापर्यंत जावं लागतं.

आता दुसरं प्रकरण, जे मी कुठं बोलले नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी एक चार वर्षांचा मुलगा आला. अंगावर जुने डाग. घर गरीब, बाप दारू पिणारा, आई हात जोडून रडणारी. आधीच्या प्रकरणामुळे माझ्या मनात पक्कं बसलं होतं की गरिबीला दुर्लक्ष म्हणायचं नाही. मी आईचं रडणं लिहिलं. शेजारणीला एकटीला गाठून विचारलं नाही. मुलाशी दहा मिनिटं बोलले, तेही आईसमोर. मुलगा घरी गेला. तीन महिन्यांनी मोडलेला हात घेऊन परत आला.

तो अहवाल माझ्या सहीचा आहे. आता मी प्रत्येक मुलाशी घराबाहेर, एकटं बोलते. तो घरच्यांसमोर काय खातो, कुणाजवळ बसतो, कुणी हात वर केला की डोकं खाली घालतो का, हे बघते.

विशेष शिक्षिका, कोकण

बारा वर्षांचा कर्णबधिर मुलगा. शाळेत कधी गेलाच नाही, त्यामुळे त्याला भारतीय सांकेतिक भाषा येत नव्हती. न्यायालयानं दुभाषी बोलावला, चांगला शिकलेला, पण दोघांना एकमेकांचं काही कळेना. मुलाकडे फक्त घरच्या खुणा होत्या. त्या आईला कळत, पण आई स्वतः साक्षीदार, ती दुभाषी कशी होणार?

कलम ३८ मध्ये विशेष शिक्षक किंवा मुलाच्या खुणा ओळखणारा माणूस घेता येतो. मी आठ वेळा त्याच्या घरी गेले. मासे कसे सांगतो, बहीण कशी, काल आणि उद्या कसं. ओठावरून दोन बोटं फिरवून मग पान चावल्यासारखं केलं की तो शेजारी. साक्षीच्या दिवशी मी न्यायाधीशांना विनंती केली की आधी साधे प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं सगळ्यांना माहीत आहेत. तू कसा आलास, घरात किती जण, आज काय खाल्लंस. त्यानं बरोबर उत्तरं दिली आणि मगच मुख्य प्रश्न आले. मी त्याच्या तोंडी शब्द घालते असा आक्षेप बचावानं घेतलाच. पण सगळ्याचं चित्रीकरण चालू होतं, आणि शेजाऱ्याची खूण त्यानं मी विचारण्याआधीच केली होती.

प्राथमिक शिक्षक, पश्चिम महाराष्ट्र

थोडक्यात लिहितो. चौथीतल्या मुलीनं मला सांगितलं, मी मुख्याध्यापकांना सांगितलं, ते म्हणाले शाळेची बदनामी होईल, पालकांना बोलावून मिटवू. मी त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेलो. असा प्रकार कळून न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला वर्षभरापर्यंत. मला कलम माहीत होतं म्हणून पाय डगमगले नाहीत. दोन वर्षं स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. साक्षीला मी तीनदा गेलो, किरकोळ रजा टाकून. मुलगी आता दहावीला आहे.

अमेरिकेतून, मूळ नाशिकची

इकडे या कामाला कासा म्हणतात, 'कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट' याचं लघुरूप. १९७७ साली सिअ‍ॅटलमध्ये डेव्हिड सूकप या न्यायाधीशांनी सुरू केलं. मुलांना घरी पाठवायचं की नाही हे ठरवताना त्या मुलाबद्दल आपल्याला फारच कमी माहिती आहे हे त्यांना सतावत होतं, म्हणून त्यांनी सामान्य नागरिकांना बोलावलं. मी तीस तासांचं प्रशिक्षण घेतलं, न्यायाधीशांसमोर शपथ घेतली आणि मला दोन भाऊ मिळाले, सहा आणि अकरा वर्षांचे. दोघं वेगवेगळ्या फॉस्टर घरांत, म्हणजे मुलांना तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबांत.

दीड वर्षात त्यांच्या समाजसेविका चार वेळा बदलल्या. वकिलांकडे ढीगभर प्रकरणं. माझ्याकडे फक्त ही दोन मुलं. दर आठवड्याला भेटायचे. धाकटा खाऊ मिळाला की अर्धा खिशात ठेवायचा. मला वाटलं, उपाशी राहिल्याची सवय असेल, अशा मुलांत ते दिसतं. एकदा विचारलं तर म्हणाला, भावासाठी. भेट महिन्यातून एकदा, तोवर बिस्किटाचा भुगा व्हायचा.

पुढच्या सुनावणीच्या अहवालात मी बाकी सगळं दोन परिच्छेदांत आटोपलं आणि त्या खिशाबद्दल लिहिलं. न्यायाधीशांनी भेट दर आठवड्याला करायचा आदेश दिला. सात महिन्यांनी दोघांना एका घरात जागा मिळाली.

आता पुण्यात नोकरी करतो

मी दुसऱ्या बाजूनं लिहितोय. चौदा वर्षांपूर्वी मीच समितीसमोर उभा होतो. दहा वर्षांचा होतो. टेबलामागे माणसं, सगळे विचारत होते बाप काय करायचा, कशानं मारायचा, किती वेळा. मी सगळ्यांना सांगितलं. एका ताईंनीच विचारलं, "तुझं घरी काही राहिलंय का?" मी म्हणालो, दप्तर. त्या दुसऱ्या दिवशी पोलिसांना घेऊन माझ्या घरी गेल्या आणि दप्तर घेऊन आल्या. आत माझी कंपासपेटी होती, भोवऱ्याची जाळी होती.

बालगृहातली आठ वर्षं कशी गेली ते पुन्हा कधीतरी. त्या ताईंचं नाव मला माहीत नाही. वाचत असल्या तर, ती कंपासपेटी अजून आहे.

मुलीची मावशी, मराठवाडा

ताई, सांगायला आले. अर्ज दिला होता. समितीच्या मॅडमनी दोन आठवड्यांत एक बाई नेमून दिल्या, प्रवासाच्या पैशांचंही लिहून दिलंय. त्या रविवारी घरी आल्या. प्रकरणाचा विषयच काढला नाही, पोरीबरोबर ओट्यावर सागरगोटे खेळल्या तासभर. निघताना पोरीनं विचारलं, "बावीस तारखेला तुम्ही गेटपाशी थांबणार का आत येणार?" त्या म्हणाल्या, "तू म्हणशील तिथं." आता वहीत बावीसवर गोल करून ठेवलाय तिनं.