मध्यवर्ती कल्पनेला क्रियापद हवंच

इंग्रजी वाचन शिकवताना आधी क्रियापदं आणि काळ पक्के करून घ्या, उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना (म्हणजे लेखकाचं मुख्य म्हणणं) नंतर, असं काही जण सुचवतात. मला मात्र हे दोन्ही एकाच तासाला घ्यावंसं वाटतं.

नववी-दहावीच्या मुलांना मध्यवर्ती कल्पना विचारली की ती विषय सांगतात. "मधमाश्या." मी विचारते, "मधमाश्या काय करतात? त्यांचं काय होतं?" मग हळूहळू येतं, "मधमाश्या कमी झाल्या तर पिकांचं परागीभवन घटतं." हे झालं विधान! नुसत्या नामाने लेखकाचं म्हणणं कळत नाही. म्हणून माझा नियम एकच: उत्तर पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट.

खरी अडचण पुढे येते. माहितीपर इंग्रजीत क्रियापदं नामांत लपलेली असतात. 'द डिस्ट्रक्शन ऑफ फॉरेस्ट्स' वाचून मुलं पुढे सरकतात. त्यातून 'डिस्ट्रॉय' बाहेर काढायला लावलं की लगेच प्रश्न उभा राहतो, जंगलं नष्ट केली कुणी? कधीकधी उताऱ्याचा सगळा रोख त्या उत्तरातच असतो. 'डिसिजन', 'ग्रोथ', 'फेल्युअर' या शब्दांवरही हे करून बघा, मुलांना फार आवडतं.

शिवाय मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यानंतर. मधे लांबलचक उपवाक्य आलं की मुलं मुख्य क्रियापद हरवून बसतात. मी त्याखाली दोन रेघा मारायला सांगते, उपवाक्यातल्या क्रियापदाखाली एक.

काळांचे तक्ते पाठ करून घेणं मी जवळजवळ बंदच केलंय.