स्विमिंग पूलचा रिकॉल: नऊ मुलं गेल्यावर एक दोरी?

अंगणवेल
जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, अंगणात उभारायचे सुमारे 50 लाख स्विमिंग पूल रिकॉल केले, म्हणजे धोकादायक ठरवून कंपनीकडून दुरुस्त करून घ्यायला सांगितले. बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुप या तीन कंपन्यांचे, 48 इंच किंवा त्याहून उंच. कारण एक पट्टा. पाण्याच्या दाबाने खांब फाकू नयेत म्हणून तो सगळ्या खांबांना बाहेरून आवळलेला असतो. त्यावर पाय देऊन लहान मूल वर चढतं आणि आत पडतं. 2007 ते 2022 या काळात नऊ मुलं अशी बुडाली, असं आयोग म्हणतो. वयं 22 महिने ते 3 वर्षं.

आम्ही डॅलसजवळ राहतो. आमच्याकडे असाच पूल आहे, शेजाऱ्यांकडून वापरलेला घेतलेला. शिडी मी दर वेळी काढून गॅरेजमध्ये ठेवायचे आणि निर्धास्त व्हायचे. जूनमधल्या एका दुपारी टॉवेल वाळत घालत होते. वळून बघते तर अडीच वर्षांचा लेक पट्ट्यावर उभा. एक चप्पल खाली गवतात, पायाचा अंगठा पट्ट्याच्या फटीत रुतवलेला, दोन्ही हात वरच्या कडेला. मी चार पावलांवर होते म्हणून धरला. महिनाभर स्वतःलाच दोष देत होते. मग ही बातमी वाचली.

आणि आता उपाय काय, तर फुकट दोरी. ती खांबांना बांधायची आणि जुना पट्टा कापून टाकायचा. पैसे परत नाहीत. तुम्हाला हे पटतं का?

विहीरकर
बाळ वाचलं, देवाची कृपा. पण मला रिकॉलचा गाजावाजा पटत नाही. 50 लाख पूल, 15 वर्षं, नऊ मृत्यू. प्रत्येक मृत्यू वाईटच, पण पट्टा गेला म्हणून पाणी जाणार आहे का? मूल खुर्ची ओढून आणेल, कुंडीवर चढेल. आम्ही गावात पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. काठावर काका बसलेले असायचे, ते जागचे हलत नसत. तीच खरी सुरक्षा. कंपनीवर सगळं ढकललं की आईबाप सैल होतात.

अंगणवेल
काका, तुम्ही डबा बांधून उतरलात तेव्हा सात-आठ वर्षांचे असाल. दोन वर्षांच्या पोराला कुणी विहिरीकडे फिरकूही देत नसे, आणि घराजवळच्या विहिरीला कठडा बांधत. त्या कठड्याला कुणी पायरी ठेवली असती तर दोष काठावरच्या काकांना दिला असतात का?

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पूलभोवती 4 फूट कुंपण लागतं, पण पूलची भिंतच 48 इंच असेल तर शिडी काढल्यावर तीच कुंपण धरली जाते. म्हणजे भिंतीवर भरवसा ठेवा असं आम्हाला नियमच सांगत होता. आम्ही ठेवला. तिला पायरी आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

नट-बोल्ट
मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो. 15 फूट व्यासाच्या, 48 इंची पूलमध्ये साधारण 17 हजार लिटर पाणी असतं, म्हणजे 17 टन. पट्टा हौसेने लावलेला नाही. तो नसेल तर खांब सरकून सगळं एकदम फुटू शकतं. त्यामुळे दोरी बांधून होईपर्यंत पट्ट्याला कात्री लावू नका.

पैसे परत देण्याबद्दल: पैसे घेऊन कितीजण पूल मोडीत काढतील? बरेचसे तो तसाच वापरतील किंवा विकतील. दोरीने निदान धोका जागच्या जागी मिटतो. माझ्या मते उपाय बरोबर आहे, उशीर अक्षम्य आहे.

अंगणवेल
विकण्याचा मुद्दा मान्य. पण दोरीसुद्धा ज्याला बातमी कळली त्याच्याचकडे पोचणार ना? पावती शेजाऱ्यांच्या नावावर होती, तेही गाव सोडून गेले. मला कुणाचाही ईमेल आला नाही. मैत्रिणीने पाठवलेल्या बातमीवरून कळलं.

रेवाकाठ
विहीरकर, "लक्ष ठेवा" एवढंच पुरत नाही याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. 2002 मध्ये माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात हॉट टबमध्ये बुडाली. तिला पोहता येत होतं. तळाशी पाणी खेचून घेणारी जाळी असते, तिच्या ओढीने ती चिकटून बसली होती. आई ओढत होती, तरी सुटेना. त्या मुलीच्या नावाने 2007 मध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक पूलना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. मग 2011 मध्ये त्या नव्या जाळ्यांपैकीच सुमारे 10 लाख परत मागवाव्या लागल्या, कारण त्यांतून किती पाणी सुरक्षितपणे खेचलं जाऊ शकतं, ही क्षमता चुकीची ठरवली होती. हे आईबापांना काठावर बसून कसं दिसणार?

विहीरकर
जाळीचं पटलं. तिथे माणूस हतबल आहे. पट्ट्याचं अजून पटत नाही, तो डोळ्यांना दिसतो.

अंगणवेल
मला दोन उन्हाळे रोज दिसत होता. पायरी म्हणून एकदाही दिसला नाही. आयोगाला तरी 2025 पर्यंत कुठे दिसला!

कोथरूडकर
भारतातही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देता येतो. पण इथे गच्चीवर पूल मांडणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. असो. माझा भाऊ अमेरिकेत एडिसनला आहे, त्याचा पूल 52 इंची. नेमकं काय बघायला सांगू?

अंगणवेल
पट्टा खांबांच्या बाहेरून जातो का, ते बघा. जात असेल तर कंपनीकडे दुरुस्तीचा संच मागायचा. तो येईपर्यंत मूल एकटं तिथे पोचणार नाही अशी सोय हवी, नाहीतर पूल रिकामा करायचा. आम्ही रिकामा केला. रात्रभर नळी लावून ठेवली होती. सकाळी लेक वाकलेल्या भिंतीशी उभा राहून विचारत होता, पाणी कुठे गेलं.