उत्तर: सैन्य वेळेवर उभंच राहत नाही

तुमची तक्रार अशी की 'नाइट्स अँड मर्चंट्स' या गाव वसवून सैन्य उभारायच्या संगणक गेममध्ये सैन्य वेळेवर उभंच राहत नाही. इथे दोघांनी उत्तर दिलंय की सैनिक तयार होईपर्यंत शत्रू दारात येतो, म्हणून बराकी (सैनिक तयार करायची इमारत) आधी बांधाव्यात. मला हे पटत नाही. १९९८च्या या जर्मन गेमचा सगळा जीव धान्य आणि कोळसा यांत आहे.

शेतातलं धान्य तीन ठिकाणी जातं: पिठाच्या गिरणीत, डुकरांच्या गोठ्यात आणि तबेल्यात. गोठ्यातून सॉसेजसाठी मांस मिळतं आणि कातडंही. त्या कातड्याचं चामडं आणि चामड्याचं चिलखत होतं. म्हणजे कुऱ्हाडवाल्या सैनिकाचं चिलखतसुद्धा शेतातूनच येतं! सगळं धान्य गिरणीला दिलंत तर पाव भरपूर मिळेल, पण चिलखतं अडतील.

कोळशाचंही तेच. तो सोनं गाळायला लागतो, लोखंड गाळायला लागतो आणि तलवार घडवायला पुन्हा लागतो. शाळेत प्रत्येक नवा कामकरी तयार करायला सोनं लागतं, म्हणून सोनं थांबलं की नवा माणूस मिळत नाही. म्हणून वाटपाच्या पडद्यावर (कोणता माल कुठे किती जावा हे ठरवतो तिथे) सुरुवातीला सोन्याला जास्त कोळसा द्या, लोखंडाचं नंतर बघा. कोळशाच्या दोन खाणी तरी हव्यातच.

आणि हमाल वाढवा, कृपया. प्रत्येक पाव, प्रत्येक फळी कोणीतरी हाताने वाहून नेतो. खानावळीपर्यंत पाव पोचला नाही तर कामकरी उपाशी मरतात, कोठारात ढीग असला तरी. खानावळ गावाच्या मध्यावर ठेवा, कोठाराला लागून.

तुमच्या नकाशात कोळसा कुठे आहे ते सांगा, मग रस्ते कसे टाकायचे ते बघू.